बोर्डावरचा नंबर

कुरुळीतल्या झेरॉक्सच्या दुकानात साधना आधारकार्ड घेऊन ताटकळली होती. तिच्यापुढे वर्कशॉपवाले यशवंतराव दुकानदाराला बोर्डाचा मजकूर सांगत होते.

"लेबर हापिसवाल्यांना लागतो त्यो, दारावर लावायचा. कामाची वेळ, सुट्टीचा वार, पगाराचा दर. मराठीत, अन् खाली उडियातबी."

"उडिया कशाला, काका?" दुकानदाराने विचारलं.

"कामगारांना कळंल अशा भाषेत लावायचा नियम हाय."

"उडिया कामगार किती आहेत?"

"दोघं व्हती. दिवाळीला गावी गेली, ती माघारी आलीच न्हाईत."

"आणि बाकीचे?"

"बाकी कुणी न्हाई. मीच असतो."

"मग काका, ते उडिया वाचणार कोण?"

"आली तर?"

"बरं. खाली तक्रारीसाठी नंबर कुणाचा टाकू?"

"माझाच. चांगला ठळक टाक."

"रस्त्यावरून दिसेल हं. लोक उगाच फोन करत बसतील."

"करू दे की."