दीर्घिकांचा तक्ता

(देवासच्या एका मराठी मंडळाचे सभागृह. भिंतीवर विज्ञान प्रदर्शनाचे बारा तक्ते. तक्ते मांडणारी शिक्षिका वल्लरी, मंडळाचे चिटणीस दत्तोपंत आणि मदतीला पीयूष.)

वल्लरी : बारा तक्त्यांपैकी अकरा सरळ आहेत. दीर्घिकांचा तक्ता तीन दिवस रोज सकाळी उलटा सापडतो.

पीयूष : ताई, मी तर रोज सीधा करून जातो. कसम से.

दत्तोपंत : वारा असेल, बाई.

वल्लरी : वाऱ्याने तक्ता पडतो, दत्तोपंत. बरोबर अर्धा फेरा घेऊन पुन्हा खिळ्यावर बसत नाही.

दत्तोपंत : तीनशे लोकांनी पाहिला. अभिप्रायवहीत प्रत्येकाने 'उत्कृष्ट' लिहिलं आहे.

पीयूष : काका, मराठीत आहे ना, वाचतो कोण? सेल्फी घेतात न् निघतात. 'उत्कृष्ट' पण मीच लिहून ठेवतो, ते फक्त सही मारतात.

वल्लरी : इंदूरच्या परीक्षकांनी मात्र वाचला, मान वाकडी करून. तक्ता उलटा का, याचं खरं कारण पाचपर्यंत लेखी द्या, नाहीतर बागलीच्या शाळेला द्यायची दुर्बीण दुसरीकडे देऊ, असं सांगून गेले. तिथे माझ्या चाळीस मुली दोन वर्षं तिची वाट पाहताहेत. साडेचार झाले.

दत्तोपंत : पण बिघडलं काय? चिमट्यासारखी आकृती. उलटी धरली तरी चिमटाच.

वल्लरी : मूठ डावीकडे हवी, तिच्यात लंबवर्तुळाकार दीर्घिका. उजवीकडे दोन शाखा. वर साध्या सर्पिल, खाली मध्ये दंड असलेल्या सर्पिल.

दत्तोपंत : म्हणजे साध्या थोर.

वल्लरी : थोर कोण म्हणालं?

दत्तोपंत : वर मांडल्या ना? देवासच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. पत्रिकेत नाव वर कोणाचं, यावरून ठरलेली लग्नं मोडली आहेत इथे.

पीयूष : उद्घाटनाला उदाजीराव काकांनी वरच्या शाखेवर बोट ठेवून फोटो काढला ना! म्हणाले, "ही आमची थोरली. दत्तोपंत, तुमची खाली शोधा." सगळे काय हसले, भिया!

दत्तोपंत : पीयूष, चहा सांगून ये.

वल्लरी : थांब. चौकटीला मी दोनच कड्या लावल्या होत्या, वरच्या कडेला. आता खालच्या कडेलाही दोन आहेत. पितळी.

पीयूष : त्या तर काकांनीच मागवल्या...

दत्तोपंत : चहा!

वल्लरी : ऐका, दत्तोपंत. आरंभी वायू होता आणि न दिसणारं कृष्णद्रव्य. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वायू गोळा झाला, थंड झाला, फिरता फिरता चकतीसारखा चपटा झाला आणि त्यात तारे पेटले. दोन्ही शाखा अशाच घडल्या. काही चकत्यांच्या मध्यभागी ताऱ्यांचा दंड तयार होतो, कधी विरूनही जातो. वर कोण, खाली कोण, ही चित्र काढणाऱ्याची सोय.

दत्तोपंत : आणि मुठीतल्या? त्या तरी मूळ पुरुष?

वल्लरी : त्यांतल्या पुष्कळ उलट नंतरच्या. दोन सर्पिल एकमेकींवर आदळून एकजीव झाल्या, की तशी एक उरते. वायू संपतो, नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. जुने आपापल्या कक्षेत फिरत राहतात.

पीयूष : म्हणजे आपलं मंडळ.

दत्तोपंत : माझे आजोबा धाकट्या पातीचे फडणीस होते, बाई. साठ वर्षं मी पंगतीत खालच्या टोकाला जेवतो आहे. तिथवर श्रीखंड कधी पोचत नाही.

वल्लरी : पावणेपाच.

दत्तोपंत : वाऱ्याचं लिहिलं तर?

वल्लरी : परीक्षक भौतिकशास्त्राचे आहेत.

दत्तोपंत : उदाजीराव जन्मभर हसतील.

वल्लरी : हसतील. आणि बागलीच्या मुली शनीची कडी पाहतील.

दत्तोपंत : पीयूष, कागद दे. नको, तू लिहू नकोस, मी लिहितो. "दीर्घिकांचा तक्ता तिन्ही वेळा मी स्वतः उलटा टांगला. वरची शाखा थोरली असते, असा माझा समज होता. दत्तोपंत, चिटणीस."