हातगाडीवरचं चालणं

अमरावतीच्या बसस्थानकात अकोल्याच्या गाडीची वाट पाहत आचल आपल्या घड्याळातली पावलं बघत बसली होती. तसंच घड्याळ शेजारच्या म्हातारीच्या मनगटात ढिलं लोंबत होतं. म्हातारीच्या सोबतिणीनंच तिला विचारलं,

"पार्बता, हे तुया मालकाचं घड्याळ नाई काय वं?"

"त्याईचंच. पोरीनं पुन्याहून पाठवलं होतं. डॉक्टरनं चालाले सांगतलं ना."

"दिवसभर भाजीची गाडी लोटत, त्याईले अजून कायले चालाले लागे?"

"गाडीच्या दांड्यावर हात असले का घड्याळ पावलं मोजेच नाई. हात हालले तरच चालणं. पोरगी मोबाईलवर पाहे अन् रोज बोले, 'बाबा, आजबी व्यायाम नाई केला!' मंग गाडी घरी लावून हे पुन्हा चालाले जात."

"अन् तसेच गेले?"

"रस्त्यातच बसले, ते उठलेच नाई."

"पोरीले सांगतलं, हे गाडीवरचं मोजत नाई म्हणून?"

"कोन्या तोंडानं सांगू वं?"

"मंग आता तू कावून घालतं?"

"पोरगी अजून मोबाईल उघडून पाहते. मी संध्याकाळी हात हालवत एक चक्कर मारतो. बाबाच्या नावापुढं चालणं दिसलं, का त्या दिवशी पोरगी फोनवर रडत नाई."