अकरा फुटी दार

ताई : परत मोज म्हणतोस? तिसऱ्यांदा मोजतेय. लोखंडी पट्टी आहे ही, तुझ्या समाधानासाठी आखडणार नाही.

धाकटा : किती आलं?

ताई : अडतीस मिलिमीटर. गुणिले सत्त्याऐंशी. म्हणजे आपल्या घराचं दार जवळजवळ अकरा फूट. बाबा रेल्वेत सांधेवाले होते की राजवाड्यात माहूत?

धाकटा : दार उंचच होतं, ताई.

ताई : तुझ्या मॉडेलमधले डबे बरोबर. इंजिन बरोबर. फलाट, सिग्नल, पाण्याची टाकी, सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. आपलं क्वार्टर तेवढं अंगानं भरलंय.

धाकटा : डब्यांचे नकाशे मिळाले. क्वार्टर पाडलं, त्याचा नकाशा कोण देणार? आठवणीवरून केलं.

ताई : पाच वर्षांच्या पोराच्या आठवणीवरून! खिडकीतून गाडी बघायला तुला बादली पालथी घालून द्यावी लागायची.

धाकटा : कडी खूप वर होती, एवढं पक्कं आठवतंय.

ताई : तुला जगातल्या सगळ्याच कड्या वर होत्या.

धाकटा : उद्या क्लबचे परीक्षक येतायत. त्यांच्या नाही लक्षात येणार.

ताई : मागच्या खेपेला त्या गृहस्थांनी फलाटावरच्या कुत्र्याची शेपूट मोजली होती. एक माप चुकलं की अख्खा देखावा प्रदर्शनाबाहेर. जेवणाचं टेबल या देखाव्यानं अडवलंय, तुझी बायको दोन वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवतेय. तिला काय सांगशील?

धाकटा : घरच काढून टाकतो मग. तिथे झाड लावतो. झाडाला माप नसतं.

ताई : आणि बाबा ड्यूटीवरून येऊन फांदीवर बसणार?

(धाकटा चिमट्याने सांधेवाल्याचा बाहुला उचलून दारात उभा करतो.)

ताई : बघ. शेजारचं पोर वाटीभर साखर मागायला आल्यासारखं दिसतंय.

धाकटा : बाहुला मापात आहे. वीस मिलिमीटर. पावणेसहा फूट.

ताई : बाबा तेवढेच होते.

धाकटा : तेवढेच?

ताई : तेवढेच. आणि दार साडेपाच फूट. सरकारी काम. दमून आले की विसरायचे, डोकं चौकटीवर. मी आतूनच ओरडायचे, ‘बाबा, वाका!’

धाकटा : मला कसं आठवत नाही हे?

ताई : तुला कोण वाकायला सांगणार होतं? तू ताठ आत यायचास.

धाकटा : साडेपाच फूट... म्हणजे एकोणीस. सगळ्या भिंती कापाव्या लागतील.

ताई : काप. मी छप्पर धरते.

धाकटा : पण मग हा आत कसा जाणार? वाकलेला बाहुला बाजारात मिळत नाही.

ताई : प्लास्टिकच ना? मेणबत्तीवर धर जरा.

धाकटा : धरलाय... वाकतोय.

ताई : बेतानं. कंबर दुखायची त्यांची.