कापसात पडलेला एक राउंड

सोमवार, सोळा जानेवारी दोन हजार सहा, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

सभेत आधी नमस्कार करायचा आणि मग बोलायचं, एवढं कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी मला शिकवलं होतं. पण ही तारीख आणि वेळ आज माझ्या भाषणात सगळ्यांत वर असावी, असा माझा हट्ट आहे. आता नमस्कार करते. समारंभाचे अध्यक्ष, आमच्या निवृत्तांच्या मंडळाचे ज्येष्ठ सदस्य आदरणीय पुंडलिकराव. वरच्या कार्यालयातून खास आलेले प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती हवालदार भीमराज भगत. त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या सौ. कौसल्याबाई, आणि यवतमाळच्या मे महिन्यात पंख्याखालच्या खुर्च्या आधी धरून बसलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो!

मी निवृत्त पोलीस निरीक्षक. मागच्या वर्षी याच सभागृहात माझा निरोप झाला. मला शाल मिळाली, आणि मी कशी प्रेमळ होते ते ऐकून घरी गेले. प्रेमळ! मला निदान कोणाबद्दल बोलताहेत हे तरी कळायला हवं होतं. तेव्हा भीमराजांविषयी मी तसलं काही बोलणार नाही. मी त्यांचं काम सांगणार आहे.

भीमराज आमच्या कोतावर, म्हणजे शस्त्रागारावर, सव्वीस वर्षं होते. बंदुका दुरुस्त करायच्या, तेल घालायचं, द्यायच्या, परत घ्यायच्या, आणि प्रत्येक राउंड, म्हणजे काडतूस, मोजायचा. राउंड दिला तर राउंड परत हवा. झाडला असेल तर रिकामी पुंगळी हवी. कोताच्या खिडकीपाशी साहेब असो की शिपाई, प्रश्न एकच: "किती नेले व्हते, किती आनले?"

मला छोटं रिव्हॉल्व्हर मिळालं तेव्हा सोबत बारा राउंड मिळाले. सहा आत, सहा जास्तीचे. आता मला सांगा, जास्तीचे सहा राउंड बाईने ठेवायचे कुठे? चामड्याची पाकिटं पुरुषांच्या पट्ट्याला बेतलेली. चामडं वाळून इतकं आवळलेलं, की एकेक राउंड दुखऱ्या दातासारखा ओढून काढावा लागे. सरावाच्या मैदानावर मला सहा राउंड भरायला बावीस सेकंद लागले. मागे पाच पुरुष अधिकारी हसले. त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, तोवर चोर चहा पिऊन येईल."

भीमराज हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, हाही नावं ठेवणार. मी विचारलं, "काय बघता?"

"मॅडम, तुमचे हात बराबर हायेत. पाकीट चुकीचं हाये. अजून एक डाव भरा बरं, मले पाहू द्या."

मी पुन्हा भरले, आणि पुन्हा. त्या माणसाने माझ्याकडून अकरा वेळा ते करून घेतलं, आणि दर वेळी वेगळ्या बाजूला उभं राहून पाहिलं. मग आठ दिवसांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी माझ्यापुढे ठेवली. करंगळीएवढी रुंद, सहा भोकं, त्यात सहा राउंड ओळीने बसलेले. "एकेक नोका काढू. रिव्हॉल्व्हरच्या चकरीत शेजारची दोन घरं घ्या, दोन राउंड लावा, रबर वाकडं करा. दोन, दोन, दोन." त्याच आठवड्यात माझा वेळ नऊ सेकंदांवर आला. पट्टी शर्टाच्या खिशात सपाट बसायची, वाजायची नाही. मी विचारलं, हे सुचलं कुठून? तर म्हणाले, "तुमी भरतानी डोळे मिटून घेत व्हत्या. म्हनलं, न पाहताही भरता यावं असं पायजे."

मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी निरखून पाहिलं. एवढ्या कामाचं कोणी पाहिलं नाही.

आता सहा जानेवारी दोन हजार सहा, शुक्रवार. कापसाचे ते दिवस तुम्हाला आठवतात. खरेदी केंद्रांवर दोन-दोन दिवस गाड्यांची रांग. नेरच्या अलीकडच्या एका केंद्रावर माझा बंदोबस्त होता. दुपारी बाराला कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर जेवायला म्हणून उठला आणि फाटक बंद झालं. लोक फाटकाला भिडले. मला सगळ्यांशी बोलायचं होतं, म्हणून मी पहिल्या बैलगाडीवर, कापसाच्या ढिगावर चढले. गाडी देवसिंग राठोड यांची. मागच्या बाजूला त्यांच्या पत्नी बसंतीबाई घागरा पसरून बसलेल्या. गाडीला धक्का बसला, मी तोल सावरला आणि माझा हात होल्स्टरवर गेला. तेवढंच झालं. कोणीतरी ओरडलं, "बाई गोळी चालवते!"

समोर चारशे माणसं होती. मी रिव्हॉल्व्हर काढलं, चकरी उघडली, सहाही राउंड तळहातावर काढले, सगळ्यांना दाखवले आणि पँटच्या खिशात टाकले. म्हटलं, "रिकामं आहे. आता बोला."

मग खालून देवसिंग यांनी विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "बाई, येवढ्याशात किती मावतेत?"

"सहा."

"अन् मंग?"

"मग पुन्हा सहा भरायचे."

"अन् तोवर आमी उभे राहू व्हय?"

अख्खी रांग हसली. फाटकावरचे हात खाली आले. त्या दिवशी बंदोबस्त मी केला नाही, देवसिंग यांच्या त्या प्रश्नाने केला. पण ते तिथे थांबले नाहीत. "किती येळ लागते भराले?"

मी काय म्हणायला हवं होतं? "तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघा." नऊ सेकंदांची हौस! खिशातून पट्टी काढली, खाली न पाहता, लोकांकडे पाहत भरू लागले. दोन, दोन आणि एक. सहावा बोटांतून सुटला आणि कापसात गेला.

पांढऱ्या कापसाची भरलेली गाडी, आणि आत कुठेतरी एक जिवंत काडतूस. देवसिंग यांचा चेहरा उतरला. "बाई, हे सरकी काढायच्या जिनात गेलं तं? ठिणगी पडली तं सारं जिनिंग पेटते."

ग्रेडर परतला, फाटक उघडलं, खरेदी सुरू झाली. देवसिंग यांची गाडी मात्र मी बाजूला लावली. तिचा पहिला नंबर होता. बसंतीबाई गाडीवरून हलल्या नाहीत. नंबर जाऊ नये म्हणून. नवऱ्याला मात्र सोडलं नाही: "इचार अजून! किती मावतेत, किती येळ लागते! आता बस मोजत!" रांगेतले दहा-बारा जण ताडपत्री टाकून मूठमूठ कापूस पिंजू लागले. एकाने रेडिओतलं चुंबक आणलं. काडतूस पितळेचं आणि शिशाचं, त्याला चुंबक काय करणार?

मी वायरलेसवर कळवलं. तीन वाजता भीमराज एसटीने आले, पिशवीत एक डमी राउंड घेऊन. डमी म्हणजे दारू नसलेला, पण वजनाला तसाच. गाडी थोपटून पाहिली आणि म्हणाले, "तुमी कुठं उभ्या व्हत्या? तोंड कोनीकडं व्हतं?" मला पुन्हा वर उभं केलं आणि माझ्या हाताच्या उंचीवरून डमी सोडायला लावला. आम्ही सगळे समजत होतो, जड वस्तू कापसात खोल जाणार. ती खोल गेली नाही. दाबलेल्या कापसावरून उतारानं मागे घरंगळत गेली. दुसऱ्यांदा मागे, तिसऱ्यांदाही मागे.

भीमराजांनी हात जोडले. "माय, जराशा उठता का?"

बसंतीबाई उठल्या, घागरा झटकला. ताडपत्रीवर टक् असा आवाज झाला. "घे तुही गोळी," त्या मला म्हणाल्या. "तीन तास मी तिच्यावर बसून राह्यली, अन् हे सारे पोट्टे कापूस चिवडून राह्यले!"

वेळ तीन वाजून चाळीस मिनिटं. सायंकाळी बाराचे बारा राउंड कोतात जमा. नोंद आहे. देवसिंग यांचा कापूस त्याच दिवशी घेतला गेला. त्याच रात्री मी स्वतःच्या हाताने जबाब लिहिला: चूक माझी, दिखाऊपणा माझा, पट्टीचा आणि भीमराज भगत यांचा यात काहीही दोष नाही. दोन पानं, सही, तारीख.

आणि दहा दिवसांनी, सोमवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, ठपका मिळाला कोणाला? भीमराजांना! कारण काय, तर "अनधिकृत रबरी पट्टी पुरवल्यामुळे राउंड गहाळ." गहाळ! जो राउंड त्याच दिवशी परत आला, तो गहाळ कसा? मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. भीमराज बाहेर आले आणि म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तुमी मोठ्या अधिकारी, तुमच्यावर आलं असतं तं लय झालं असतं." त्या वर्षी पदकासाठी गेलेलं त्यांचं नाव मागे घेतलं गेलं.

तो ठपका रद्द व्हावा म्हणून मी सहा वर्षांत चार अर्ज केले. चारही वेळा उत्तर आलं, की माझा जबाब फाइलमध्ये आढळत नाही. मला राग आहेच, पण त्याहून जास्त कुतूहल आहे. ज्या खात्यात कापसाच्या गाडीत पडलेला एक राउंड सापडतो, तिथे कपाटातली दोन पानं कशी सापडत नाहीत? ती पडली, की काढली? कोणी? कधी? कापसाच्या गाडीची भीमराजांनी जेवढी चौकशी केली, तेवढी या फाइलची कोणी केली का?

आज रात्रीपासून भीमराज निवृत्त आहेत. सेवापुस्तकात तो ठपका तसाच आहे. निरोपाच्या भाषणात "निष्कलंक सेवा" म्हणायची पद्धत असते. आधीचे तिन्ही वक्ते ते म्हणाले, आणि तिन्ही वेळा कौसल्याबाईंनी मान खाली घातली. मी समोरून पाहत होते.

म्हणून, प्रमुख पाहुणे, माझ्या जबाबाची कार्बन प्रत मी आत्ता आपल्या हातात देते आहे. कृपया या दुसऱ्या कागदावर पोच म्हणून सही करावी. पेन माझ्याकडे आहे. आपण चहा नंतर घ्या.

अध्यक्ष महोदयांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी दुप्पट घेतली. त्यांनी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात कोणाला तिखट लागलं असेल तर माझ्या वयाला माफ करा. मजकुराला माफ करायची गरज नाही. भीमराज, मी सात वर्षं तुमच्या आड उभी राहिले, हे सगळ्यांसमोर सांगायला मला आजचा दिवस उजाडावा लागला. त्याची क्षमा फक्त तुमच्याकडे मागते.

मागणी एकच. ठपका रद्द केला, की नाही, आणि नसेल तर का नाही, याचं लेखी उत्तर शुक्रवार, चौदा जून दोन हजार तेरा रोजी सायंकाळी पाचच्या आत मिळावं. पाकिटावर माझं नाव नको. भीमराज भगत यांचं हवं, आणि ते त्यांच्या घरी पोचावं.