युसूफभाऊचा जीव डुकरानं नाही घेतला

मंडळी, मायबहिणींनो, फातिमाभाभी,

एवढी माणसं मी पह्यल्यांदाच पाहून राह्यली. मले भाषण येत नाही. मी कमल. कापूस वेचणाऱ्या बायाइच्या टोळीची मुकादम. वावरात ओरडून ओरडून आवाज कमावला, आज तोच निघून नाही राह्यला. तरी बोलते. बोलल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

युसूफभाऊ कोण होता हे गावाले सांगाले नको. बाहेरचे पाहुणे बसले हायेत, त्याइच्यासाठी सांगते. फातिमाभाभीचा नवरा. ट्रॅक्टर आन् मोटरपंप दुरुस्त करे. नाल्याच्या अलीकडं त्याचं वावर, कापसाच्या पऱ्हाटीचं आन् तुरीचं. वेचणीच्या दिवसांत आमाले प्याचं पाणी तोच आणे, मोटरसायकलीवर कॅन बांधून. म्हणे, "कमलबाई, तुमची टोळी आली का शिवारातली पाखरं उडून जातेत. जरा हळू बोलत जा." आन् सोताच मोठ्यानं हासे.

खरं बोलू का? डुकराइवर आमचा साऱ्याइचाच राग. कापसाले भाव नाही, बोंडं किडून राह्यली, आन् जे थोडंफार उभं राहते त्याच्यात डुकरं लोळून जातेत. डुक्कर मेलं म्हणून या गावात कोणी रडलं नसतं. म्हणून तालुक्याचे जिनिंगवाले विलासशेठ रायफल घेऊन आले, तवा आमी त्याइले चहा पाजला. होय, या हातानं पाजला.

ती रायफल मी पाह्यली हाय. चकचकीत. वर दुर्बीण. गोळी मात्र करंगळीच्या नखाएवढी. आवाज कसा, त वाळली काडी मोडल्यावानी. ससे-तितर मारायची ते बंदूक. पण शेठचा शौक वेगळा. मोठं जनावर, बारीक गोळी. म्हणे, "मोठी बंदूक कोणीबी चालवते. निशाणा पक्का असला त या गोळीनं रोहीबी आडवा होते."

आडवा होते?

मागच्या हंगामात एक रोही, पाहुणे नीलगाय म्हणतेत ते, आमच्या शिवारात फिरे. जबडा फुटलेला, लोंबून राह्यलेला. त्याले चारा चावता येईना, पाणी गिळता येईना. नाल्यात तोंड बुडवे आन् पाणी खाली सांडे. आमी बाया पाहत राहू आन् तोंड फिरवू. शेवटी युसूफभाऊनं त्याले मोकळं केलं. पिकासाठी त्याच्याजवळ परवान्याची एकनळी बंदूक होती, तिनं.

मंग तो जिनिंगच्या फाटकावर गेला. मी तिथंच होती, कापसाची बैलबंडी घेऊन. युसूफभाऊ म्हणे, "शेठ, मारायचं त नीट मारा. नाही त नका मारू. असं अर्धं मारून सोडू नका."

शेठ हासले. "तुले कायले तरास होऊन राह्यला, युसूफ? जनावरच त हाय."

"आज जनावराले झाला. उद्या ते जनावर माणसावर येईन."

"मंग तू पाह्यजो त्याले," शेठ म्हणे.

ऐकलं मंडळी? तू पाह्यजो त्याले! आन् युसूफभाऊनं पाह्यलं.

यंदाच्या वेचणीत एक दिवस सूर्य बुडाले आलता. आमी वेचणी करून निघालो होतो. तुरीच्या कडंनं काडी मोडल्याचा आवाज आला. मंग पुन्हा. मंग पुन्हा. एकटा फिरणारा मोठा नर डुक्कर चीं करत तुरीत घुसला. शेठ जीपमंधी बसून राह्यले होते.

युसूफभाऊ धावत गेला. "शेठ, लागलं का?"

"लागलं. सकाळपर्यंत मरन."

"आन् नाही मेलं त? सकाळी इथं बाया येतेत. शाळेची लेकरं याच पायवाटेनं जातेत."

"मंग सकाळी नका येऊ," असं म्हणून गाडी चालू केली. हे आमी साऱ्याजणींनी ऐकलं. एकटीनं नाही ऐकलं.

सकाळी आमच्या आधी युसूफभाऊ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा होता, बंदूक घेऊन. म्हणे, "कमलबाई, टोळी इथंच थांबव. एकबी बाई आत गेली नाही पाह्यजे."

मी म्हटलं, "भाऊ, जंगलवाल्याइले बलाव ना."

"फोन केला. गाडी येऊन राह्यली म्हणतेत. लेकराइची शाळा थोडी थांबते?"

आन् तो तुरीत शिरला. त्याच्या डोक्यावर तूर होती. तो दिसेना, नुसते शेंडे हालताना दिसे. मंग बार झाला. मोठा बार, त्याचा. आन् मंग त्याची किंकाळी.

त्या बंदुकीत एकच काडतूस जाते, मंडळी. त्याचा बार बरोबर लागला होता. पण अर्धं मारलेलं जनावर पिसाळलेलं असते. ते पडता पडता त्याच्यावर आलं. मी विळा घेऊन धावली. मांडी पार फाटली होती. मी डोक्याचा दुपट्टा सोडून बांधला, रक्त थांबेना. त्यानं मले इचारलं, "बाया कुठं हायेत?"

म्हटलं, "धुऱ्यावरच हायेत, भाऊ."

"लेकरं?"

"गेले शाळेत."

आमी त्याले उचलून गाडीत घातला. दवाखान्याच्या अलीकडंच गेला.

दुपारी शेठची माणसं आली. डुक्कर तुरीतून निघून नाल्याच्या काठी जाऊन मेलं होतं. त्याइच्याजवळ डिझेलची कॅन. म्हणे, "वास सुटन, जाळून टाकू." कायची घाई होती त्याइले? आमाले समजलं. आमी साऱ्याजणी त्या डुकराभोवती बसलो. ज्याच्या सुळ्याले युसूफभाऊचं रक्त होतं, त्याच डुकराभोवती. माश्या घोंगावून राह्यल्या होत्या, पण एक बाई उठली नाही. म्हटलं, आदी आमाले जाळा. जनावराइचा डॉक्टर आला, पोलीस आले, मंगच उठलो. खांद्याच्या चरबीत बारीक गोळी. जबड्याच्या हाडात बारीक गोळी. त्या गोळ्या आज पोलिसाइजवळ सीलबंद हायेत. रायफलबी हाय. आमची जबानीबी हाय.

आन् शेठ जामिनावर हायेत. तालुक्यात सांगत फिरून राह्यले, "रानटी जनावर होतं. युसूफचं नशीब."

नशीब?

मंडळी, ते पाहा. समोरच्या खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यात. माह्यानंतर ते दोन शब्द बोलणार हायेत म्हणे. सरपंचसाहेब, माईक नका मागू. मी देणार नाही.

विलासशेठ, लोक म्हणतेत राग सोड. काहून सोडू? मी इथं रडाले नाही आली, मी बदला घ्याले आली. तुह्या अंगाले मी हात नाही लावणार. पण या गावची एकबी बाई तुह्या वावरात वेचाले येणार नाही. एकबी बंडी तुह्या फाटकात उतरणार नाही. मारेगावले नेऊ, कळंबले नेऊ, घरात भरून ठेवू, कापूस पिवळा पडला तरी चालन. आन् कोर्टात तारखेवर तारीख पडू दे, आमी साऱ्याजणी येऊ. थकून घरी बसतीन असं वाटते तुले? आमी वेचणाऱ्या बाया हाओत. एक एक बोंड करत सारं वावर रिकामं करतो. तुलेबी तसंच रिकामं करू.

माही देवाजवळ एकच मागणी. या माणसाले एक डाव उभ्या तुरीतून एकट्यानं जाऊ दे. पानं हालू दे. आन् त्याले समजू नको देऊ, काय येऊन राह्यलं ते.

आता श्रद्धांजली. आपण दोन मिनिटं उभं राहू. पण हा माणूस मंडपात हाय तवर नाही. आमी थांबतो, शेठ. आमाले घाई नाही.

...

कोणी अडवू नका. वाट द्या. कोणी हात लावू नका. जाऊ द्या.

गाडी दूर जाऊ द्या.

गेला.

उठा मंडळी. फातिमाभाभी, तुमी बसूनच राहा, तुमच्या वाटचंबी आमी उभं राहतो. युसूफभाऊ, ही तुही टोळी. आज आमी हळू बोलत नाही, बोलतच नाही.

चूप राहा सारे.