रूपालीच्या लग्नाचा फोटोग्राफर

नवीन मॉडेल येऊ दे, मग घेतो, असं म्हणणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील; आमचा मनोज त्या सगळ्यांचा बाप. त्याच्या बहिणीचं, रूपालीचं लग्न ठरलं, देवळाली कॅम्पात. यानं घरात जाहीर करून टाकलं, "फोटोग्राफर सांगायचा नाही. लग्नाआधी नवा मिररलेस कॅमेरा येतोय. फोटो मी काढणार."

लग्न जवळ आलं आणि कॅमेरा लांबला. मी म्हटलं, "अरे, आत्ता दुकानात आहे तो घे की!"

"येडा आहेस का? नवा आला की हा जुना होणार."

"आणि लग्न?"

"मोबाइल आहे ना!"

मोबाइल होता, पण ऐन सप्तपदीला त्याची मेमरी फुल झाली. हा मंडपाच्या खांबाला टेकून, त्या न आलेल्या कॅमेऱ्याचे साठवलेले व्हिडिओ डिलीट करत बसला. तोवर सातही पावलं टाकून झाली.

पाठवणीला हा ढसाढसा रडायला लागला. रूपाली म्हणाली, "रडू नको दादा. तुझा कॅमेरा आला की कळव, मी परत लग्न करते."

यानं डोळे पुसले आणि अगदी कळकळीनं म्हणाला, "लगेच नको गं. पहिल्या लॉटमध्ये फार प्रॉब्लेम असतात."