आलेखावरचा ठिपका

नाही, बसा ना दादा, सुईचं नंतर बघू — हिमोग्लोबिन बघायचंय असं बाबांनी सांगितलं तुम्हाला? आणि हिमोग्लोबिनसाठी जनुक विभागातला माणूस घरी येतो? ओळखलं मी तुम्हाला, बाबांच्या सत्काराच्या दिवशी खुर्च्या लावत होतात. बोलू नका काही, अडचणीत याल.

आवाज आला ना? आई आहे. कपाट आवरतेय. सकाळपासून तेच कपाट. येईल बाहेर, तुम्हाला आपला भाऊ समजून रागावेल, तर हो म्हणा. मामा गेला माझा — ह्याच आजारात, आईच्याच वयात. त्याआधी आजी, म्हणजे त्या दोघांची आई. आता हिशेब तुम्हीच लावा, तुम्ही त्यातले आहात.

बाबांचं नाव मोठं आहे हो, कोण नाही म्हणतंय? मेंदू कसा झिजतो, यावर जगभर भाषणं देतात. प्रयोगातला उंदीर पाण्यात वाट विसरला की ह्यांना दुसऱ्या खोलीतून कळतं. बायको गॅस चालू ठेवून अंघोळीला गेली की म्हणायचे, लक्ष कुठे असतं तुझं? आणि मी म्हटलं, बाबा, आई एकच गोष्ट चार वेळा विचारते, तर म्हणाले, तू डॉक्टर नाहीस. बरोबर आहे. मी कुठे डॉक्टर आहे?

पण खरी गंमत पुढे आहे. ह्यांच्या अभ्यासात आजाऱ्यांशी तुलना करायला धडधाकट माणसं लागतात, माहितीये ना? ती कुठून आणायची? आपापल्या बायका. साहेबांची स्वतःची बायको, सहकाऱ्याची बायको, सगळ्या ओळीने बसवल्या. एक गोष्ट वाचून दाखवायची, थोड्या वेळाने परत सांगायला लावायची. नावं झाकलेली, नुसते आकडे. बाकी सगळ्यांनी सांगितली, एकीला सुरुवातसुद्धा आठवली नाही. आलेखावर सगळे ठिपके वर आणि हा एक खाली, एकटाच. तर बाबांनी काय केलं? खोडला. म्हणाले, निरोगी गटात असं येतच नाही, त्या दिवशी बाईची झोप झाली नसेल. आलेख सुरेख दिसला. छापून आला, सत्कार झाला, खुर्च्या तुम्ही लावल्या.

आईचं निदान झाल्यावर त्यांनी ती झाकलेली नावं उघडून पाहिली. मला कसं कळलं? जेवताना सांगितलं की त्यांनीच. आई समोर भात चिवडत होती. म्हणाले, 'तो ठिपका हिचा होता. इंटरेस्टिंग आहे.' आणि ताक मागितलं.

रडले असतील कुठेतरी, असं आत्या म्हणते. आत्याला काय, ती लांब राहते. मोठ्या माणसांना मनातल्या मनात आपण रडवत बसायचं आणि आपणच समजूनही घ्यायचं, हा चांगला धंदा आहे.

कॉलेज? सोडलं. आईजवळ कुणीतरी नको का? बाबा म्हणतात बाई ठेवू, पण बाईला काय कळणार की तिला उजेड डोळ्यांवर आला की भीती वाटते — आईसाठीच सोडलं. म्हणजे, तेच मुख्य. तोंडी परीक्षा होती. सोपा प्रश्न, उत्तर माझ्या समोर दिसत होतं, फक्त शब्द येईना. रोजचा शब्द. ते दोघे परीक्षक बघत बसले, मी बघत बसले. काही नाही, आदल्या रात्री झोप झाली नव्हती माझी.

असं बघू नका. माझ्या वयात होत नाही ते, मला माहितीये, तुमच्यापेक्षा जास्त वाचलंय मी.

ठेवा ती नळी आत. हात पुढे करणार नाही मी. त्यांना सांगा, रक्त हवं तर स्वतः यावं, आईच्या शेजारी बसून कशाची तपासणी ते तोंडाने म्हणावं, आणि उत्तर आलं की तेही इथेच सांगावं, ताक न मागता. येणार नाहीत. भित्रे आहेत. माझ्याइतकेच — जाऊ दे, उठा तुम्ही.

दार मात्र नीट ओढून घ्या. उघडं दिसलं की आई निघते, आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उभी राहते, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. मी जाते. सध्या मीच जाते.